कितीही मोठी खोली

“झालं का गं?”

दारात चपला काढता काढता आण्णांनी विचारलं. रोज सकाळी साडेनऊला विचारायचे तसंच.

“चालू आहे, आण्णा.”

“काल बी चालूच होतं.”

“हो.”

“परवा बी.”

पडद्यावर हिरव्या अक्षरांत आकडे सरकत होते. एकशे बारा ओळी. एकशे तेरा ओळी. आण्णांनी वाकून ते बघितले, एक सुस्कारा सोडला आणि पुन्हा चपला घालून ते प्रेसकडे निघून गेले. तो नववा दिवस होता.

ही एकोणीसशे चौऱ्याण्णवची गोष्ट. जयसिंगपुरात मगदूम टाइल्सचा कारखाना होता आणि मी तिथे कामाला लागून पाच महिने झाले होते. कारखाना म्हणजे फरशा दाबायचे सहा प्रेस, साचे, रंगाच्या पावडरीची पोती आणि फरशा भिजत ठेवायच्या पाण्याच्या टाक्या. या सगळ्या धुळीच्या मधोमध एक काचेची खोली, आणि तिच्यात कॉम्प्युटर. एसी फक्त त्या खोलीला. खुद्द मालक आण्णाही तिथे चपला काढून यायचे. दसऱ्याला प्रेसला एक हार पडला तर कॉम्प्युटरला दोन पडले. माझे वडील एसटीत ड्रायव्हर. आपली लेक थंडगार खोलीत बसून पगार घेते याचं त्यांना इतकं अप्रूप, की जयसिंगपूरच्या फेरीवर असले की स्टँडवरून मुद्दाम चालत यायचे, काचेतून मला बघायचे आणि हात हलवून परत जायचे.

मगदूमांची फरशी नाव कमावून होती ती सुलोचनाकाकूंच्या नक्षीमुळे. काकू म्हणजे आण्णांच्या पत्नी. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर, नातवंडांच्या मेणाच्या खडूंनी त्या नक्षी काढायच्या. दुसरीकडे एकच फरशी करतात आणि तीच हजार वेळा बसवतात. काकूंना ते पटत नसे. “एकच फूल हजारदा? बगणाऱ्यानं काय पाप केलंय?” त्या दहा-बारा निरनिराळ्या फरशांचा संच काढायच्या. एका फरशीतून वेल लाल देठाने बाहेर पडली, तर शेजारच्या फरशीत ती लाल देठानेच शिरली पाहिजे. पिवळी तर पिवळी, हिरवी तर हिरवी. चारी बाजूंनी हाच नियम. शिवाय प्रत्येक फरशीच्या मधोमध एक राघू, नाहीतर एक उभी कळी असायची. त्यामुळे फरशी फिरवून बसवायची सोय नव्हती. डोक्यावर उभा राहिलेला राघू कोण घरात घेणार?

हे संच बसवायचे दस्तगीरमामा. मिरजेचे, साठीला टेकलेले, खांद्यावर कायम एक गाठी मारलेली दोरी. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे एक फरशी. कामाला हात लावण्याआधी ते दोरीने खोली मोजायचे, मग सगळ्या फरशा सिमेंटशिवाय नुसत्या मांडून बघायचे आणि त्यानंतरच थापी हातात घ्यायचे. ही कोरडी मांडणी त्यांनी आयुष्यात एकदाच टाळली, आणि तेवढं एकदाच नेमकं नडलं.

ते मी येण्याच्या दोन वर्षं आधी घडलं होतं. नदीपलीकडच्या एका गावात मंगल कार्यालयाला राघूचा संच बसवायचा होता. हॉल चोवीस फरशा रुंद, चाळीस लांब. लग्न चार दिवसांवर आलेलं, आचाऱ्याच्या चुली त्याच हॉलात मांडलेल्या. कोरडी मांडणी करायला जागाच नव्हती. मामांनी दारापासून ओळी बसवत नेल्या. छत्तीस ओळी झाल्या आणि सदतिसाव्या ओळीत राघू बसेचना. हा लावला तर तो जुळत नाही, तो लावला तर वरचा जुळत नाही. शेवटी स्टेजपुढच्या चार ओळी साध्या लाल फरशांनी भरल्या. लग्नात मुलीच्या मामाने भर पंगतीत आण्णांना विचारलं, “आमच्या हितनं पुढचं राघू उडून गेलं जनू?”

सगळ्यांनी धरून चाललं की मेस्त्रीचा हात मागे कुठेतरी चुकला. मेस्त्रीनेही तेच मानलं. त्यानंतर आण्णांनी मामांना पायऱ्या आणि न्हाणीघरंच दिली, आणि काकूंच्या संचांचे साचे पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. “मानसाचा हात चुकतोय. यंत्राचा चुकत न्हाई,” असं म्हणत त्यांनी कॉम्प्युटर आणला आणि पाठोपाठ मला.

मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. “कुठलाबी संच दिला, तर कितीबी मोठ्या जागेत त्यो जुळंल का न्हाई, ह्ये सांगणारं कायतरी करशील?” मी म्हणाले, करीन. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तशातली गत. अक्षय तृतीयेला नवा कॅटलॉग छापायचा होता. ज्या संचाला कॉम्प्युटर ‘हो’ म्हणेल तोच त्यात येणार आणि त्याच्या खाली छापणार: ‘जागा कितीही मोठी असो, नक्षी जुळणारच.’

प्रोग्रॅम मी केला, आणि चांगला केला. तो फरशा मांडत जायचा, अडला की मागे येऊन दुसरी लावून बघायचा. पुन्हा पुन्हा शेजारी ठेवता येईल असा चौकोन सापडला की ‘हो’. सगळ्या वाटा बंद झाल्या की ‘नाही’. आण्णांनी दिलेल्या यादीत काकूंचे अकरा संच होते. त्यांपैकी आठांना तासाभरात ‘हो’ मिळालं, दोनांना ‘नाही’. राहिला अकरावा. जाईची वेल. काकूंचा सगळ्यात देखणा संच. तो अडतही नव्हता आणि त्यात परत परत येणारा चौकोनही सापडत नव्हता. नुसता चालला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बंद करावा तर वाटायचं, पुढच्याच ओळीला उत्तर असलं तर?

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. भाकरी, शेंगांची चटणी, दही. काचेच्या खोलीत बसायला त्या संकोचायच्या, म्हणून मीच बाहेर पायरीवर गेले.

“आमची जाई कुटवर आली?”

“एकशे चौदा ओळी.”

“मंजी लई झाल्या की.”

“लई झाल्या काकू, पण संपेनात.”

त्या हसल्या. मग पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, “ह्यांनी सांगितलंय, शनिवारपतूर हो आलं तर छापायचं, न्हाईतर जाई माळ्यावर. यंत्राची खोली बी बंद करतो म्हनत्यात.” चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी उरलेलं सांगितलं. “डोळ्याला आता बारीक दिसंना गं. ह्यो शेवटचाच संच. म्हनून आपलं इचारलं.”

मी डबा झाकून पुन्हा पडद्यासमोर जाऊन बसले.

मी कोल्हापूरला कारखानीस सरांना पत्र टाकलं होतं. कॉलेजात त्यांनीच आम्हाला शिकवलं. गुरुवारी त्यांचं चार पानी उत्तर आलं. ते मी फरशांच्या टाकीपाशी उभ्या उभ्या वाचलं.

‘चि. ललिता, एका कारकुनाची कल्पना कर. समोर न संपणारी कागदाची पट्टी, तिच्यावर आखलेली घरं. हातात पेन्सिल, खोडरबर आणि नियमांची छोटी वही. एका वेळी एकच घर बघायचं, वहीत सांगितलं असेल ते लिहायचं, एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं. साठेक वर्षांपूर्वी ट्युरिंग नावाच्या गणितज्ञाने हे कागदावरचं यंत्र मांडलं. तुमच्या एसीतला कॉम्प्युटर जे करतो ते सगळं हा कारकून करू शकतो, फक्त हळू. आता गंमत बघ. कारकुनाची पट्टी या क्षणी कशी दिसते, ती तुझी फरशांची एक ओळ. पुढच्या क्षणी कशी दिसते, ती तिच्यापुढची ओळ. रंग जुळले म्हणजे कारकुनाने नियम पाळला. कारकून थांबला की पुढची ओळ बसत नाही. कुठल्याही कारकुनाचा असा फरशांचा संच करता येतो.

‘म्हणजे तुझा प्रोग्रॅम प्रत्येक संचाबद्दल हो-नाही सांगू लागला, तर तो प्रत्येक कारकुनाबद्दल सांगेल, हा कधी थांबणार की नाही. आणि असं सांगणारं यंत्र असू शकत नाही. असलंच, तर मी एक खोडसाळ कारकून तयार करीन. तो यंत्राला स्वतःबद्दलच विचारील. यंत्र “थांबशील” म्हणालं की चालत राहील, “चालत राहशील” म्हणालं की थांबेल. बिचारं यंत्र काही बोललं तरी खोटंच ठरणार. एखाद्या संचाबद्दल कुणाला कधी युक्ती सापडेलही, पण सगळ्या संचांना लागू पडेल अशी एकच कृती नाही, आणि उद्याच्या मोठ्या कॉम्प्युटरलाही ती मिळणार नाही. तेव्हा स्वतःच्या हातची चूक शोधत बसू नकोस.’

मला इतकं हलकं वाटलं की मी टाकीच्या कठड्यावरच बसले. इतके दिवस मी तीच चूक शोधत होते. मग लक्षात आलं की हे आण्णांना सांगायचंय.

सांगितलं. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“मंजी, जमत न्हाई.”

“कुणालाच जमणार नाही, आण्णा. तसं सिद्धच झालंय.”

“नाचता येईना, अंगन वाकडं,” ते म्हणाले. रागाने नाही, दमून म्हणाले, ते जास्त लागलं. “शनिवारी बघू.”

शुक्रवारी सकाळी मी एक वाईट काम केलं. प्रोग्रॅमची एक प्रत काढली आणि तिच्यात एक ओळ वाढवली: शंभर ओळी जुळल्या की ‘हो’ म्हण. शंभर फरशा लांबीची खोली कोण बांधतंय? जाई छापली जाईल, काकू खूश, खोली चालू, वडील काचेतून बघून जातील. माझं मलाच पटवत मी बसले होते, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. दस्तगीरमामा. पायऱ्यांच्या फरशा न्यायला आले होते.

चपला बाहेर काढून ते आत आले आणि खुर्ची सोडून थेट जमिनीवर बसले.

“ताई, समदा कारखाना म्हनतोय, तुमचं यंत्र धा दिवस झालं एकच फरशी बसवतंय.”

“एकच नाही मामा. एकशे एकवीस ओळी झाल्या.”

“खोली किती बाय किती?”

“खोली नाही. कितीही मोठ्या खोलीसाठी.”

मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी ओळंबा न लावता भिंत बांधायला निघाले होते. “कितीबी मोठी खोली कुनाची आसती, ताई? चाळीस वर्सं फरशी बसवली. फुडं भिंत आली न्हाई अशी खोली बगितली न्हाई. मी तर माप घेतल्याबिगार फरशी हातात बी धरत न्हाई.”

मी बघतच राहिले. पाच महिने मी एक साधा प्रश्न विचारला नव्हता. कितीही मोठ्या जागेचं उत्तर जगात कुणाकडेच नव्हतं. पण अकरा बाय चौदाचं होतं, वीस बाय तीसचं होतं. तेवढ्या जागेत फरशा मांडायच्या तऱ्हा कितीही झाल्या तरी मोजून संपणाऱ्या. आज ना उद्या प्रोग्रॅम थांबणारच, हो म्हणून नाहीतर नाही म्हणून.

“मामा,” मी म्हणाले, “तो राघूचा हॉल चोवीस बाय चाळीस होता ना?”

त्यांचा चेहरा उतरला. “त्ये कशाला आता?”

“राघूचा संच मी कधी घातलाच नाही यात. आण्णांनी दिलेल्या यादीत तो नव्हता.”

माळ्यावर चढून मी काकूंचं जुनं कॅलेंडर काढलं आणि दहा राघूंचे रंग भरले. प्रोग्रॅमला आधी खोलीचं माप विचारायला लावलं. त्यातच बारा वाजले. मामांनी पायऱ्यांच्या फरशा भरलेला टेम्पो पुढे पाठवला आणि स्वतः तिथेच बसून राहिले. आकडे भराभर वर गेले. तीस. चौतीस. छत्तीस. मग तिथेच घुटमळायला लागले. पस्तीस, छत्तीस, चौतीस, छत्तीस.

“माज्यागतच करालंय,” मामा पुटपुटले.

साडेतीनला प्रोग्रॅम थांबला. पडद्यावर आलं: छत्तीस ओळींपुढे नाही.

“मंजी?”

“म्हणजे हे राघू कसेही लावले, कुठूनही सुरुवात केली, तरी त्या हॉलात सदतिसावी ओळ बसतच नाही. सगळ्या तऱ्हा बघून झाल्या.”

“मी लावली तशी सोडून दुसऱ्या कशीबी?”

“कशीही. मामा, तुमचा हात चुकलाच नव्हता.”

ते दोरीच्या गाठी एकेक करून चाचपत राहिले. मग खाली बघत म्हणाले, “दोनदा जाऊन आलो तितं. दुपारचं, कुनी नसताना. जाजम उचलून, गुडघ्यावर, वळ न् वळ बगितली. चूक घावली न्हाई. घावली आसती तर बरं झालं आसतं, ताई. झोप तरी लागली आसती.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मलाही आवरेना. मी सरांचं पत्र काढून त्यांना शेवटचं वाक्य वाचून दाखवलं, आणि मग पहिल्यापासून सगळंच वाचलं. खोडसाळ कारकुनाला ते खूप हसले. म्हणाले, असला एक बिगारी त्यांच्याकडे होता.

ते गेल्यावर मी सकाळची ती एक ओळ खोडून टाकली.

शनिवारी साडेनऊला आण्णा आले. मी काकूंना आणि मामांनाही बोलावून घेतलं होतं. एवढी माणसं त्या खोलीत पहिल्यांदाच मावली, आणि एसीचं काही चालेना.

“झालं का गं?”

“नाही, आण्णा. जाई कितीही मोठ्या जागेत जुळेल की नाही, मला माहीत नाही.” मालकाला ‘माहीत नाही’ म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. “पण खोलीचं माप सांगा. त्या खोलीत जुळेल का, ते सांगेन. जुळत असेल तर कुठली फरशी कुठे, तो नकाशाही देईन. जुळत नसेल तर आधीच सांगेन, लग्नाच्या चार दिवस आधी नाही.”

मग राघूचा कागद त्यांच्या हातात दिला. आण्णांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. कागदावरून नजर काढून त्यांनी मामांकडे बघायला बराच वेळ घेतला.

“म्हंजी चूक माजी,” काकू हळूच म्हणाल्या. “राघू मीच काढलं.”

“तुमची बी न्हाई, वैनी,” मामा म्हणाले. “नुसतं फरशीकडं बगून आदी कुनालाच दिसत न्हाई. लिवलंय तसं. मोठ्या मानसानं लिवलंय.”

आण्णांनी कागदाची नीट घडी घातली आणि ती मामांच्या पुढे धरली. “दस्तगीर, दोन वर्सं तुला न्हाणीघरात बसवलं. माझं चुकलं.” आमच्या भागात मालक एवढं स्पष्ट बोलत नाहीत. मामांनी घडी खिशात ठेवली आणि म्हणाले, “न्हाणीघराला उतार द्यायला बी अक्कल लागती, आण्णा.” काकू हसल्या, मग आण्णा हसले.

कॅटलॉग अक्षय तृतीयेला निघाला. खाली छापलं होतं: ‘खोलीचे माप आणा. जुळत असेल तर नकाशासह देऊ, नसेल तर तोंडावर सांगू.’ लोकांना त्यातलं ‘तोंडावर सांगू’च जास्त आवडलं. काचेची खोली नऊ वर्षं चालली. गेल्या साली मिरजेला मामांच्या नातीच्या लग्नाला गेले होते. त्यांच्या भिंतीवर, आजमेरच्या दर्ग्याच्या फोटोशेजारी, पिवळा पडलेला तो कागद फ्रेम करून लावलाय. वऱ्हाडातल्या कुणीतरी विचारलं तर म्हणाले, माझं सर्टिफिकेट आहे.

पण मला सारखी आठवते ती त्या वर्षीच्या वैशाखातली एक ऊन उतरतानाची वेळ. जाईचं पहिलं काम आण्णांच्याच घरात निघालं, काकूंच्या माजघरात. मामांनी दोरी टाकली: पंधरा बाय अठरा. माझा प्रोग्रॅम दहा मिनिटांत ‘हो’ म्हणाला. तरी मामांनी कोरडी मांडणी केलीच. यंत्रावर विश्वास होता, पण सवयीवर जास्त. तिसऱ्या दिवशी शेवटची फरशी राहिली, भिंतीलगतच्या कोपऱ्यातली. काकू जमिनीवर बसून, डोळे बारीक करून, हाताने देठ चाचपून बघत होत्या. लाल लालला, पिवळा पिवळ्याला.

“हितनं फुडं जुळली आसती का गं?” भिंतीवर हात ठेवून त्यांनी विचारलं.

“माहीत नाही, काकू.”

“आसंल,” त्या म्हणाल्या. “आपल्याला हितवरच ऱ्हायचंय.”

आण्णा कारखान्यातून आले. स्वतःच्याच घराच्या उंबऱ्याबाहेर त्यांनी चपला काढल्या आणि दारात उभे राहिले.

“झालं का?”

मामांनी फरशी बसवली, तळव्याने दोनदा थोपटली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे हे उत्तर मी द्यायचं होतं.

“झालं, आण्णा,” मी म्हणाले.